कादंबरीचं अत्तर: विटंबना म्हणे!

शाईचा_डाग
काल कुणीतरी इथे लिहिलं, ‘फ्रेंच अत्तरवाल्या गेरलँने वैमानिक-लेखक सँतेग्झ्युपेरीच्या कादंबरीचं नाव बाटलीवर चिकटवलं, काचेत विमानाचा पंखा कोरला, झालं. साहित्याची विटंबना.’ तेव्हापासून डोकं फिरलंय. ‘व्होल द न्युई’ (रात्रीचं उड्डाण) कादंबरी १९३१ची, अत्तर १९३३चं. हुंगलंय तरी का कधी? आधी गॅल्बनम नावाच्या चिकाचा हिरवा, कडवट भपकारा. मग नार्सिसस. तासाभराने व्हॅनिला आणि ओकमॉस या दगडफुलाच्या जातभाईची ऊब. कादंबरीतला वैमानिक फाब्यँ वादळातून वर चढतो तर वर लख्ख चांदणं, आणि इंधन संपत आलेलं. ते सगळं मला मनगटावर मिळतं.

खवचट_पेन्शनर
‘कुणीतरी’ कशाला, मीच लिहिलं. कादंबरीत माणूस मरतो तो टपाल नेताना. त्याची बायको कचेरीत येऊन बसते, तरी साहेब रिव्हिएर युरोपचं विमान वेळेवर सोडतो. तिथे वास येणार पेट्रोलचा आणि गरम तेलाचा. व्हॅनिला कुठून आला? रेडिओवाल्याने केक आणला होता?

नाकसाबूत
अवांतर: गॅल्बनम हा हिंगाचा चुलतभाऊ. दोन्ही फेरुला जातीच्या झाडांचेच चीक. म्हणजे पॅरिसच्या बायका गळ्याला फोडणी देऊन हिंडत होत्या :))

माहेरची_डबी
हिंगाचं नाव काढू नका! बाजारातल्या डबीवरचं बारीक अक्षर वाचा, पीठ आणि डिंक. मस्कतला निघताना आईने खडा हिंग दिला, बॅगेत झाकण उघडलं. सहा महिने पैठणी नेसले नाही.

नाकसाबूत
खडाच घ्यावा, तुपात फुलवून. लाहौलमध्ये २०२०पासून लागवड सुरू आहे म्हणे, पण मुळाला चीक यायला पाचेक वर्षं लागतात.

माहेरची_डबी
तोवर काबुलीच. फुलवलेला हिंग खलात कुटायचा, मिक्सरला लावलात तर मिक्सर गेला समजा.

शाईचा_डाग
धागा कादंबरीचा आहे. हिंगाचा वेगळा काढा ना!

माहेरची_डबी
वासाचा धागा काढलात, आता नाक मुरडता?

खवचट_पेन्शनर
मूळ प्रश्न राहिला. बाटली स्वतःची आहे, की दुकानातली कागदी पट्टी हुंगून एवढं रामायण?

शाईचा_डाग
स्वतःची. भावाने आणलेली. युरोपात ओकमॉसमधल्या ॲट्रनॉल या घटकावर बंदी आल्यानंतरची, त्यामुळे ओकमॉस पूर्वीचा नाही, हे कबूल. आता तुम्ही सांगा, टपालाचा एवढा पुळका का?

खवचट_पेन्शनर
वडील आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेत होते. रात्रभर गाडीच्या डब्यात उभं राहून पत्रं लावायची. सकाळी घरी आले की सदऱ्याला लाखेचा आणि गोणपाटाचा वास. त्याची बाटली कुणी काढली तर पहिलं गिऱ्हाईक मी. बाकी तुमचा तो पंखा देखणा आहे, एवढं लिहून घ्या.

शाईचा_डाग
लिहून घेतलं. उपकार झाले.

नाकसाबूत
डबीताई, काबुली खडा कुठे मिळतो ते व्यनि (खासगी निरोप) करा.