डेटाबेसच्या पेपरात नॉर्मलायझेशनची इतकी गणितं कशाला?

कागदी_टेबल:
विद्यापीठातल्या डेटाबेसच्या पेपराचा मोठा भाग नॉर्मलायझेशनच्या, म्हणजे पुनरावृत्ती टाळायला टेबलं तोडण्याच्या, अक्षरांच्या गणितात जातो. आर(ए, बी, सी, डी) दिलंय, ए वरून बी ठरतो, बी वरून सी. कँडिडेट की (ज्यांवरून प्रत्येक ओळ वेगळी ओळखता येते ते कमीत कमी कॉलम) काढा, थर्ड नॉर्मल फॉर्मपर्यंत (तोडण्याच्या नियमांची तिसरी पायरी) न्या. मुलं हे बिनचूक सोडवतात आणि प्रोजेक्टमध्ये एकाच कॉलमात स्वल्पविराम देऊन चार फोन नंबर कोंबतात. माझं म्हणणं, पहिल्या आठवड्यापासून गचाळ डेटा आणि एसक्यूएल (डेटाबेसला क्वेऱ्या, म्हणजे प्रश्न, विचारायची भाषा) हातात द्या. थिअरी मागाहून.

जुनी_की:
साफ असहमत. एसक्यूएल घरी बसूनही शिकता येतं. संगणकशास्त्रज्ञ कॉड यांनी रिलेशनल मॉडेल, म्हणजे डेटा टेबलांत ठेवायचा विचार, मांडलं १९७० मध्ये. एसक्यूएलचं मूळ रूप, सीक्वेल, आलं १९७४ मध्ये. विचार भाषेच्या आधीचा आहे, आणि विद्यापीठात तोच शिकायचा.

उदाहरण घ्या. टेबलात विद्यार्थी, विषय, शिक्षक. एक शिक्षक एकच विषय शिकवतो, आणि विद्यार्थ्याला एका विषयासाठी एकच शिक्षक. हे थर्ड नॉर्मल फॉर्ममध्ये बसतं, त्याहून कडक अशा बॉइस-कॉड फॉर्ममध्ये बसत नाही. म्हणून दोन टेबलं केली, शिक्षक-विषय आणि विद्यार्थी-शिक्षक. पुनरावृत्ती गेली. पण आता एकाच विद्यार्थ्याला गणिताचे दोन शिक्षक लावता येतात आणि दोन्ही टेबलांतली कुठलीच की त्याला अडवत नाही! तोडायचं की पुनरावृत्ती सोसायची, हे ठरवायला थिअरीच लागते. नुसत्या क्वेऱ्या लिहून हा पेच दिसतसुद्धा नाही.

कागदी_टेबल:
उदाहरण झकास. पण बघा, तुम्ही शिक्षक आणि विषय म्हणालात, ए-बी-सी नाही म्हणालात. 'एक शिक्षक एकच विषय' हा नियम आला कुठून? संस्थेत कुणाला तरी विचारूनच ना? या सत्राच्या नोंदींवरून तसं वाटेलही. पुढच्या सत्रात एखाद्या सरांनी दुसरा विषय घेतला की डिझाइन झोपलं. पेपरात तो नियम आयता मिळतो. शोधायचं कसं, हे कुणी शिकवत नाही.

अर्धा_कमिट:
दोघंही टेबलांतच अडकलात. वर्गात शेवटची एक जागा, दोघे एकाच वेळी अर्ज करतात, दोघांच्याही क्वेरीला 'शिल्लक १' दिसतं, दोघांचीही नोंद होते. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या डीफॉल्ट रीड कमिटेड पातळीत (इतरांचे पक्के झालेले बदलच दिसतात) हे खुशाल घडतं, नॉर्मल फॉर्म कितवाही असो. हे हाताळायला लागणारं ट्रान्झॅक्शन (सगळं होईल किंवा काहीच नाही, असा कामांचा गट) मात्र शेवटच्या युनिटमध्ये, घाईघाईत.

जुनी_की:
मान्य. पण त्यासाठी वेगळा धागा काढा.

तास_घेणारी:
मी हाच विषय शिकवते. अक्षरांची गणितं टिकलीत कारण ती तपासता येतात. वर्णन देऊन डिझाइन मागितलं की प्रत्येकाचं उत्तर निराळं, आणि चुकीचं वाटलेलं दोनदा वाचल्यावर बरोबर निघतं. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज आला की कशावर बोट ठेवू?

कागदी_टेबल:
मग लेखी राहू दे तसंच. तोंडी परीक्षेत मुलाचंच एक टेबल समोर ठेवा आणि 'ही की का, आणि कुणाला विचारून?' एवढंच विचारा. सध्या तिथे अ‍ॅसिडचं (ट्रान्झॅक्शनच्या चार गुणांचं लघुरूप) पूर्ण रूप विचारून सोडून देतात.

तास_घेणारी:
हे जमेल. 'कुणाला विचारून'वर बरेच जण गप्प बसतील, त्याचे मार्क कसे द्यायचे ते मात्र सांगा.