मदत हवी आहे: नव्या कुंपणाचे पोल पहिल्याच पावसात कलले, कंत्राटदार फोन उचलत नाही

पारिजातक (२१ जून, रात्री १०:४०)
मे महिन्यात कुंपण घालून घेतलं. पाऊस सुरू होऊन आठवडा झाला नाही तोच मागच्या बाजूचे पोल कलायला लागले. सात तर एवढे झुकलेत की जाळी जमिनीला टेकली आहे. काल रात्री गुरं आत शिरली आणि दोन वर्षांची चार कलमं शेंड्यापासून खाऊन गेली. कंत्राटदार आधी "उद्या येतो" म्हणाला, मग "पाऊस थांबू दे", आता फोनच उचलत नाही. ५० हजार देऊन झालेत. पैसे परत कसे मिळवायचे, किंवा त्याला परत कामावर कसं आणायचं? पोलिसात गेले तर उपयोग होईल का? अनुभव असेल त्यांनी कृपया लवकर लिहा.

बांधावरचा (२१ जून, रात्री ११:०५)
दादा, जागा कुठे आहे? काटेरी तार की चेनलिंक (विणलेल्या तारेची जाळी)? पोल सिमेंटचे की लोखंडी अँगल? किती फूट काम, काय भाव, कागद काही केलाय का? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

सातबारा_उतारा (२१ जून, रात्री ११:२०)
सगळ्यात आधी मोजणी झाली आहे का? हद्द कायम न करता कुंपण घातलं असेल तर कंत्राटदाराशी भांडण्यात अर्थ नाही, उद्या शेजारी तेच कुंपण उपटून टाकायला लावेल. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करा, 'क' प्रत (मोजणीचा हद्द दाखवणारा नकाशा) हातात घ्या, मग पुढचं.

पारिजातक (२२ जून, सकाळी ७:१५)
मी ताई आहे, दादा नाही. जागा गुहागर तालुक्यात, २० गुंठे, हापूसची ४० कलमं. आम्ही डोंबिवलीला असतो, गावी सासरे एकटे. वय ७८. समोरच्या ११० फुटांना जुना गडगा (दगड रचून केलेली भिंत) आहे, उरलेल्या तीन बाजूंना ५०६ रनिंग फूट चेनलिंक. सिमेंटचे ७ फुटी पोल. भाव १५० रुपये फूट, म्हणजे ७५,९००. त्यातले ५० हजार दोन हप्त्यांत दिले. मोजणी झालेली आहे, 'क' प्रत आहे, हद्दीचे दगड जागेवर आहेत आणि पोल आमच्याच बाजूला दीड फूट आत आहेत. शेजाऱ्यांची काही तक्रार नाही. प्रश्न पोल पडण्याचा आहे.

कातळकोकण (२२ जून, सकाळी ८:३०)
वहिनी, गुहागर म्हटल्यावर पहिला प्रश्न: जमीन मातीची की कातळाची? आमच्याकडे वर फूटभर माती आणि खाली जांभा दगड. पहारीने खणायला गेलात की नऊ-दहा इंचांवर ठण्ण वाजतं. ब्रेकर मशीन आणलं नाही तर गडी तिथेच थांबतो, पोल उभा करतो, भोवती दगडमाती ठेचतो आणि पुढे सरकतो. मे महिन्यात सुक्या मातीत तो पोल दगडासारखा घट्ट वाटतो. पाऊस पडला, माती लोण्यासारखी झाली, की जाळीचा ताण त्याला ओढून घेतो. एक पडलेला पोल पूर्ण उपटा. तळाशी काँक्रीटचा गोळा आहे का आणि किती इंच आत होता, टेप लावून फोटो काढा. निम्म्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

न्यायाची_वाट (२२ जून, सकाळी ९:१०)
पोलीस हा दिवाणी मामला म्हणून हात झटकतील. फसवणुकीच्या गुन्ह्यात सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं. इथे माणसाने काम केलंय, पण खराब केलंय. ही सेवेतली त्रुटी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगात जा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, म्हणजे रत्नागिरीला खेपा नकोत. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत २ वर्षं. अर्ज आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवरून होतो. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून ठेवा. आणि लेखी नोटीस आजच पाठवा.

गावची_पायवाट (२२ जून, सकाळी ११:४५)
आयोगात तारखांवर तारखा, ५० हजारांसाठी कोण घालणार दोन वर्षं? त्यापेक्षा वाडीतल्या चार जाणत्या माणसांना घेऊन त्याच्या घरी जा. माणूस पंचक्रोशीतलाच असेल तर त्याला उद्याची कामं हवी असतात, तो नावाला घाबरतो, नोटिशीला नाही.

न्यायाची_वाट (२२ जून, दुपारी १२:२०)
चार माणसं घेऊन घरी जाणं याला उद्या तो दमदाटी म्हणाला तर? ७८ वर्षांच्या माणसाला त्यात ओढू नका. लेखी काही नसेल तर वाडीही शेवटी "दोघांचं थोडं थोडं चुकलं" म्हणून मोकळी होते.

गावची_पायवाट (२२ जून, दुपारी १२:५०)
तुम्ही कोकणात राहिला आहात का कधी?

रेडिमेड_कंपाउंड (२२ जून, दुपारी २:१५)
चेनलिंकचा नादच सोडा ताई. मी माझ्या सासवडच्या जागेला प्रीकास्ट (तयार सिमेंटच्या) प्लेटांची भिंत घातली, ६ फुटी, चार दिवसांत काम संपलं. पंधरा वर्षं बघायला नको.

कातळकोकण (२२ जून, दुपारी ३:००)
सासवडला ट्रक दारात येतो. गुहागरच्या वाडीतल्या पाखाडीवरून (दगडी पायऱ्यांच्या पायवाटेवरून) त्या प्लेटा कोण नेणार? ताईंनी ७५ हजारांचं काम सांगितलंय, तुम्ही त्यांना काही लाखांचा रस्ता दाखवताय.

बांधावरचा (२२ जून, दुपारी ४:३०)
कागद केलाय का, हे अजून कळलं नाही. पैसे रोख दिले की बँकेतून? जाळीची तार किती गेजची (जाडीची) ठरली होती? पोल किती फुटांवर?

पारिजातक (२३ जून, सकाळी ६:५०)
करारनामा नाही. ओळखीतून आला होता म्हणून केला नाही. पण त्याने वहीच्या पानावर लिहून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला होता: "१० गेज जाळी, ३ इंच चौकट, उंची ५ फूट, पोल ८ फुटांवर, खड्डा दीड फूट, काँक्रीट भरून". खाली रक्कम. ३० आणि २० असे दोनदा गूगल पे केले, पण त्याच्या सांगण्यावरून त्याच्या पुतण्याच्या नंबरवर. हे लिहायला हवं होतं, सुचलं नाही. आज सासऱ्यांना शेजारच्या मुलाकडून पोल उपटून बघायला सांगते.

आंबेबाग (२३ जून, सकाळी ९:४०)
ताई, कुंपणाचं होईल. पण २० गुंठ्यांत ४० कलमं दाट नाहीत का? हापूससाठी दापोली विद्यापीठाची जुनी शिफारस १० बाय १० मीटरची, त्या हिशोबाने २० गुंठ्यांत वीसच बसतात. घन लागवड करायची असेल तर ५ बाय ५ ठेवतात, पण मग दरवर्षी छाटणी हवी. तुमचं अंतर किती? खाल्लेल्या कलमांचं काय केलंत? कलमाच्या जोडाच्या वरचा भाग शाबूत असेल तर फुटतील. तुटकी टोकं स्वच्छ कापा आणि बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा.

पारिजातक (२३ जून, रात्री ९:३०)
आंबेबाग, जोड शाबूत आहे, पेस्ट लावायला सांगते. अंतर सासऱ्यांनी ठरवलं आहे, ते मी बदलणार नाही.

पोल उपटला. टेप लावून फोटो काढला. साडेनऊ इंच आत. काँक्रीट अजिबात नाही, नुसती माती आणि चिऱ्याच्या कपच्या. शेजारच्या मुलाने पोलही मोजले: ५२. तीन बाजूंना आठ फुटांवर ६५ हवे होते. दहा-दहा फुटांवर लावलेत. सासरे रोज तिथे खुर्ची टाकून बसायचे, चहा न्यायचे त्या माणसांना. त्यांना सांगायची हिंमत होत नाही की समोर बसवून फसवलं.

वेल्डिंगवाला (२३ जून, रात्री १०:१०)
जाळीही मोजा. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. १० गेज म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, १२ गेज म्हणजे २.६४. फॅब्रिकेशनच्या कुठल्याही दुकानात व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) असतो. एक तुकडा न्या. दहाच्या भावात बारा खपवणं या धंद्यात रोजचं आहे.

हार्डवेअर_नाका (२३ जून, रात्री १०:४५)
कुठलं गेज ते आधी ठरवा, कोष्टकं दोन आहेत. एसडब्ल्यूजीने १० म्हणजे ३.२५ मिलिमीटर, बीडब्ल्यूजीने ३.४०. उगाच बिचाऱ्यावर आळ नको.

वेल्डिंगवाला (२३ जून, रात्री ११:००)
बीडब्ल्यूजीचं १२ देखील २.७७ भरतं. तार अडीच-पावणेतीनची निघाली तर ती कुठल्याही कोष्टकात १० होत नाही. आळ कसला?

खारा_वारा (२४ जून, सकाळी ८:००)
समुद्र किती लांब आहे? आमच्या वेळणेश्वराकडच्या बागेत साध्या झिंकच्या जाळीला चौथ्या वर्षी तांबेरा धरला. पीव्हीसी कोटिंगची घेतली असती तर बरं. आणि माकडांना जाळी अडवत नाही, ते लक्षात घ्या. वानरांसाठी आम्ही झटका मशीन (कुंपणाच्या तारेतून हलका विजेचा झटका देणारं) बसवलं.

कातळकोकण (२४ जून, सकाळी ८:४०)
झटका मशीन म्हणजे तयार मिळणारं सौर यंत्रच. कोणी हे वाचून घरातली लाइन तारेला जोडू नका. माणसं मेली आहेत त्याने.

उंदीरमारी (२४ जून, दुपारी १:१०)
पावसाळा सुरू आहे, गिरिपुष्पाचे दांडे आत्ताच लावून टाका, दोन-दोन फुटांवर. फुकट मिळतात, लगेच फुटतात, पाल्याचं खत होतं. आत करवंद नाहीतर शेराची झाडं लावली की तीन वर्षांत जिवंत वई (झाडांचं कुंपण) तयार. आमच्या आजोबांच्या काळी जाळी कुठे होती? वई आणि बेडं (आडव्या बांबूंचं फाटक) एवढ्यावर बागा राहिल्या.

बांधावरचा (२४ जून, दुपारी २:००)
वई चांगलीच, पण तीन वर्षं गुरं थांबणार आहेत का? आजोबांच्या काळी राखणीला घरात माणसं होती.

सातबारा_उतारा (२४ जून, सायंकाळी ५:३०)
'क' प्रत किती सालची आहे? मोजणी जुनी असेल तर परत करून घ्या.

पारिजातक (२४ जून, रात्री १०:००)
२०१९ ची. ठीक आहे ती. कृपया मोजणीचा विषय बंद करूया.

तार २.६ मिलिमीटर निघाली. दुकानदाराने चिठ्ठीवर लिहून सही करून दिली. नोटीस मीच लिहिली तर चालते की वकील लागतो?

न्यायाची_वाट (२४ जून, रात्री १०:३५)
तुम्ही लिहिलेली चालते. साध्या मराठीत लिहा. काय ठरलं, काय मिळालं, तीन आकडे समोरासमोर: पोल ६५ ऐवजी ५२, खड्डा १८ इंचांऐवजी साडेनऊ, तार ३.२५ ऐवजी २.६. पैसे कोणत्या तारखेला कोणत्या नंबरवर गेले, आणि ते त्याच्याच सांगण्यावरून, हे जरूर लिहा. त्याने तसा मेसेज पाठवला असेल तर जपून ठेवा, मोबाइल बदलू नका, चॅट पुसू नका. १५ दिवसांची मुदत द्या. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे, तेव्हा पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. तोच मजकूर व्हॉट्सॲपवरही टाका. शिव्या, धमकी, "बघून घेईन" काही नको.

गावची_पायवाट (२५ जून, सकाळी ७:३०)
नोटीस पाठवा, मी अडवत नाही. पण सोबत ज्याने त्याची ओळख करून दिली त्यालाही फोन करा. मध्यस्थाची जबाबदारी असते. आणि उरलेले २५,९०० हातातून सोडू नका. तेच तुमचं खरं हत्यार आहे.

कातळकोकण (२५ जून, सकाळी ९:००)
काम परत करायला तयार झाला तरी आता भर पावसात करून घेऊ नका. खड्ड्यात पाणी साठतं, काँक्रीट वाहून जातं, पुन्हा तेच होईल. आत्ता पडलेल्या पोलांना बांबूचे टेकू द्या, जाळी सुंभाने बांधा, खालून काट्याच्या फांद्या सारा. सध्या वाडीतली गुरं राखणीला असतात, रात्री येतात ती रस्त्यावरची सोडलेली. खरी उनाड गुरं भात कापल्यावर. त्याआधी, दसऱ्याच्या सुमारास, पक्कं करून घ्या. कोपऱ्याच्या पोलांना दोन बाजूंनी तिरके सपोर्ट हवेतच, ताण तिथेच येतो. ते दिलेत का त्याने?

पारिजातक (२५ जून, सकाळी ९:२०)
नाही. एकालाही नाही.

पारिजातक (१६ जुलै, रात्री ९:४५)
नोटीस पोचली, पोचपावती आली. ज्यांनी ओळख करून दिली त्या काकांनाही फोन केला, ते स्वतः त्याच्या घरी गेले. परवा कंत्राटदाराचा फोन आला. आधी खूप चिडला, "कातळ लागला त्याला मी काय करू, ब्रेकरचे पैसे कोण देणार" म्हणाला. मी म्हटलं, कातळ लागला तेव्हा फोन करून सांगितलं असतं तर ब्रेकरचे पैसे आम्ही दिले असते. तुम्ही न सांगता माती भरली. त्यावर गप्प झाला. दसऱ्यानंतर पोल काढून परत लावून देतो, १३ जास्तीचे आणतो, कोपऱ्यांना सपोर्ट देतो म्हणाला. जाळी बदलायला तयार नाही. हे सगळं त्याच्याकडून मेसेजवर लिहून घेतलं. ब्रेकरचं भाडं निम्मं-निम्मं.

न्यायाची_वाट (१६ जुलै, रात्री १०:१०)
जाळीच्या फरकाची रक्कम शेवटच्या हप्त्यातून कापा आणि तसं आत्ताच कळवा. दसऱ्यापर्यंत आला नाही तरी तुमची दोन वर्षांची मुदत चालूच आहे.

गावची_पायवाट (१७ जुलै, सकाळी ८:१५)
काका गेले म्हणून काम झालं, हे लक्षात घ्या.

न्यायाची_वाट (१७ जुलै, सकाळी ८:५०)
काका जाईपर्यंत पोचपावती आलेली होती.

हार्डवेअर_नाका (१७ जुलै, दुपारी १२:००)
ब्रेकर भाड्याने चिपळूणला मिळेल. जनरेटर सोबत घ्या, वाडीत लाइटचा भरवसा नाही.

पारिजातक (३० ऑक्टोबर, रात्री ८:३०)
बऱ्याच जणांनी निरोपातून विचारलं म्हणून लिहिते. काम सोमवारी सुरू झालं. मी रजा टाकून गावी आले आहे. जाळीच्या फरकाचे ६ हजार कापायचे ठरले, कुरकुरत मान्य केलं. सासऱ्यांना मी शेवटी सगळं सांगितलं. दोन दिवस बोलले नाहीत. आता त्यांनी आपल्या काठीला दीड फुटावर लाल रंगाची खूण केली आहे आणि प्रत्येक खड्ड्यात काठी उभी करून बघतात. खूण बुडाली तरच काँक्रीट टाकू देतात. आज २३ पोल झाले, दोन खड्डे परत खणायला लावले. चहा अजूनही देतात.

कातळकोकण (३० ऑक्टोबर, रात्री ९:०५)
छान. वहिनी, काँक्रीटवर सात दिवस पाणी मारा, आणि तोवर जाळी ओढू देऊ नका. घाई करतील ते.

पारिजातक (३० ऑक्टोबर, रात्री ९:१०)
आजच घाई करत होते. उद्या सकाळी अडवते.