गोष्टीतून आलेलं नाव: तुमच्या घरी कुणाचं आहे?

सुरुवात मीच करते. लेकीचं नाव लायरा. फिलिप पुलमनच्या 'हिज डार्क मटेरियल्स' या कादंबरीमालेतल्या त्या धीट, सराईत थापाड्या पोरीवरून. नातेवाइकांना मात्र मी आकाश दाखवते: अभिजित तारा ज्यात आहे तो स्वरमंडल, म्हणजेच लायरा. यात खोटं काहीच नाही, फक्त क्रम उलटा सांगते. तुम्हीही लिहा.

~

आमच्याकडे एओविन, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली. लेखक टॉल्किन जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक होते, त्यामुळे त्यांची नावं हवेतून आलेली नाहीत. हिच्या नावात 'घोडा' आणि 'आनंद' असे दोन जुने शब्द आहेत. मुलाच्या वेळी नवरा त्याच पुस्तकातल्या 'सॅमवाइज'वर अडून बसला होता. अर्थ शोधला तर निघाला 'अर्धवट शहाणा'! नुसत्या सॅमवर मिटवलं. एओविन कसं लिहायचं, हे मात्र दर खिडकीवर नव्यानं सांगावं लागतं.

~

आमच्याकडेही टॉल्किनच. घरात फ्रोडो, कागदावर वेगळंच. छान चाललंय.

~

मी आर्या, जन्म १९८९चा. 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका, जिच्यात आर्या आहे, आली २०११मध्ये, मूळ कादंबरी १९९६ची. तरी नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न, "मालिकेवरून का हो?" आता मी नुसतं "हो" म्हणते. वेळ वाचतो.

~

हसू नका, त्याच मालिकेतली आमची खलीसी आहे. मुळात हे नावच नव्हे, सरदाराच्या बायकोची पदवी. म्हणजे आम्ही मुलीचं नाव 'राणीसाहेब' ठेवलं. एकट्या अमेरिकेत २०१८ साली ५६० मुलींना हे नाव मिळालं, तेव्हा वेडे आम्हीच नव्हतो. आवडलं काय, तर विकली गेलेली घाबरट मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहते ते. मग मे २०१९मध्ये, शेवटून दुसऱ्या भागात, तिनं अख्खं शहर जाळलं. लेक दोन वर्षांची, मांडीवर झोपलेली. नवरा टीव्हीकडे बघेना, माझ्याकडेही बघेना. मालिका संपायच्या आत नाव ठेवू नये, एवढंच सांगते.

~

मी शिक्षिका. वर्गात एक हर्मायनी होती, हॅरी पॉटरमधल्या त्या सगळं येणाऱ्या मुलीच्या नावाची. नाव ग्रीक पुराणातलं, हेलनच्या मुलीचं, पण ते कुणाला ठाऊक? उत्तर येत असूनही ती हात वर करायची नाही. केला की मागच्या बाकावरून "अर्थातच!" ठरलेलं. अशा नावाचं ओझं मुलावर पडतं, असं माझं मत आहे. राग येऊ देऊ नका.

~

बाई, सगळीच नावं कधीतरी नवी असतात. व्हेनेसा हे नाव लेखक जोनाथन स्विफ्टनं एका मैत्रिणीसाठी जुळवलं. वेंडी पसरलं ते 'पीटर पॅन' या १९०४च्या नाटकामुळे. मॅडिसन तर १९८४च्या 'स्प्लॅश' सिनेमातल्या जलपरीनं रस्त्याच्या पाटीवरून उचललं! तेव्हा तो विनोद होता. २००१ साली अमेरिकेत मुलींच्या नावांत ते दुसरं होतं.

~

धागा काढणारी परत आलेय. लायरा सात वर्षांची आहे, पुस्तक अजून वाचलेलं नाही. काल विचारत होती, "ती शेवटी मरते का गं?"

"नाही."

"मग ठीक आहे," म्हणाली आणि खेळायला गेली.