स्पॅन पोर्टचा ट्रॅफिक होस्टवर दिसतो, व्हीएममध्ये फक्त एआरपी आणि ब्रॉडकास्ट (प्रॉक्समॉक्स + सुरिकाटा)

प्रश्न

सिस्को कॅटॅलिस्ट २९६० स्विचच्या पोर्ट १ वर फायरवॉलकडे जाणारा ट्रंक (अनेक व्हीलॅन, म्हणजे आभासी नेटवर्क, एकत्र नेणारी जोडणी) आहे. त्याचा स्पॅन (ट्रॅफिकची प्रत) पोर्ट २४ वर काढलाय आणि तिथून केबल प्रॉक्समॉक्स होस्टच्या (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणाऱ्या सर्व्हरच्या) ईएनओ२ या नेटवर्क कार्डात. ईएनओ२ वर व्हीएमबीआर१ हा लिनक्स ब्रिज (सॉफ्टवेअरमधला स्विच), आयपी न दिलेला. व्हीएम १०१ मध्ये सुरिकाटा (ट्रॅफिकमधले हल्ले ओळखणारा प्रोग्राम) आहे, त्या व्हीएमचं दुसरं व्हर्टआयओ (आभासी) कार्ड याच ब्रिजला जोडलंय.

होस्टवर ईएनओ२ ला टीसीपीडंप (पॅकेट दाखवणारी कमांड) लावला की सगळं दिसतं. व्हीएमच्या आत लावला तर एआरपी, डीएचसीपी, एमडीएनएस, बस. पिंग सुरू केला तर एखादं पॅकेट येतं आणि मग सामसूम. प्रॉमिस्क्युअस मोड (दुसऱ्यांसाठीची पॅकेटही घेणं) चालू आहे. ब्रिजमध्ये काय चुकलंय?

उत्तर १

ब्रिज चुकलेला नाही. तो आपलं काम चोख करतोय, तेच नडतंय.

स्पॅनमध्ये दोन्ही दिशांची पॅकेट एकाच केबलने येतात. ब्रिज सोर्स मॅक (पाठवणाऱ्या कार्डाचा पत्ता) बघून शिकतो की फायरवॉलही ईएनओ२ कडे आणि पीसीही ईएनओ२ कडे. मग पीसीसाठीची फ्रेम ईएनओ२ वरूनच आली तर ती पुढे कशाला पाठवायची, म्हणून टाकून देतो. ब्रॉडकास्ट आणि अजून न शिकलेले मॅक तेवढे सगळीकडे जातात. पिंगचं एखादंच पॅकेट का दिसतं, त्याचं कारण हेच.

उपाय: ब्रिजला विसरभोळा करा. इंटरफेसेस फाइलमध्ये व्हीएमबीआर१ च्या खाली ब्रिज-एजिंग (शिकलेले मॅक लक्षात ठेवायचा काळ) ० लिहा आणि नेटवर्क रीलोड करा. आधी नुसतं तपासायचं असेल तर आयपी लिंक कमांडने एजिंग टाइम ० करा. तिथला आकडा सेकंदाच्या शंभराव्या भागात असतो, त्यामुळे मूळची किंमत ३०००० दिसेल, म्हणजे ३०० सेकंद.

बाकीच्या व्हीएम ज्यावर आहेत त्या व्हीएमबीआर० ब्रिजला मात्र हे करू नका. नाहीतर प्रत्येक व्हीएमला सगळ्यांचा ट्रॅफिक जाईल.

आणखी एक: व्हीएमच्या त्या कार्डवरची 'फायरवॉल' ही खूण काढा. ती असली की प्रॉक्समॉक्स वाटेत एफडब्ल्यूबीआर१०१आय१ हा आणखी एक ब्रिज घालतो. तोही मॅक शिकतो, तोही फ्रेम गिळतो. एजिंग शून्य करूनही काही फरक पडला नाही, तर बहुतेक वेळा गोची इथेच असते. खात्रीसाठी टीसीपीडंप क्रमाने लावा: ईएनओ२, मग टॅप१०१आय१ (व्हीएमच्या कार्डाचं होस्टवरचं टोक), मग व्हीएम. जिथे पॅकेट थांबतात त्याच्या अलीकडचं बघा.

उत्तर २

वरचं बरोबर. त्यात दोन भर.

ट्रंकचा स्पॅन आहे, तर डेस्टिनेशन पोर्टच्या ओळीत 'एनकॅप्सुलेशन रेप्लिकेट' आहे ना? ते नसेल तर स्विच व्हीलॅनचे टॅग काढूनच पाठवतो. व्हीएमच्या कार्डावर व्हीलॅन टॅगचा रकाना रिकामा ठेवा.

दुसरं, ईएनओ२ वर आणि व्हीएमच्या आतल्या कार्डावर इथटूलने (कार्डाची सेटिंग बदलणारी कमांड) जीआरओ आणि एलआरओ बंद करा. नाहीतर अनेक पॅकेट एकत्र चिकटवून १५०० बाइटपेक्षा मोठी होतात आणि सुरिकाटाला तारेवर नसलेलंच काहीतरी दिसतं.

प्रश्नकर्ता

फायरवॉलची खूणच होती. ती काढली, एजिंग ० केलं, चालू झालं. पण याच होस्टवरच्या दोन व्हीएममधला ट्रॅफिक अजून दिसत नाही. शिवाय दुपारच्या गर्दीत सुरिकाटा टीसीपीमधली पॅकेट गहाळ असल्याचं सांगतो.

उत्तर ३

एकाच व्हीलॅनमधल्या त्या दोन व्हीएमचा ट्रॅफिक होस्टबाहेर पडतच नाही, तर स्विच काय दाखवणार? त्यासाठी त्यांचा ब्रिज ओपन व्हीस्विचवर (दुसरा सॉफ्टवेअर स्विच) न्या आणि तिथे सुरिकाटाच्या एका वेगळ्या कार्डाच्या टॅपकडे मिरर (ट्रॅफिकची प्रत) काढा. मात्र व्हीएम बंद करून पुन्हा चालू केली की टॅप नव्याने बनतो आणि मिरर तुटतो. मिररची कमांड हुकस्क्रिप्टच्या (व्हीएम सुरू-बंद होताना प्रॉक्समॉक्स चालवतो ती स्क्रिप्ट) 'पोस्ट-स्टार्ट' टप्प्यात टाका. अशा ट्रॅफिकमध्ये चेकसम (पॅकेट बिघडलं का ते पडताळायचा आकडा) भरलेलाच नसतो, म्हणून सुरिकाटाच्या सेटिंग फाइलमधल्या एएफ-पॅकेट विभागात चेकसम-चेक्स 'नो' करा.

गहाळ पॅकेटचं आधी स्विचवर बघा. पोर्ट १ दोन्ही दिशांना मिळून २ गिगाबिटपर्यंत वाहू शकतो, पोर्ट २४ मधून बाहेर पडायला जागा १ गिगाबिटचीच. पोर्ट २४ चे आउटपुट ड्रॉप्स वाढत असतील तर होस्टवर काहीही केलं तरी ती पॅकेट परत येणार नाहीत. काउंटर शून्यावर असेल तर इथटूलने ईएनओ२ ची आरएक्स रिंग (आलेली पॅकेट थांबायची जागा) कार्ड देईल तेवढी वाढवा, बऱ्याच इंटेल कार्डांवर ४०९६ मिळते, आणि व्हीएमच्या कार्डाला मल्टिक्यू (एकाऐवजी अनेक रांगा) द्या.