छोटी रोबोट-गाडी : सांधे कमी असणे हा दोषच आहे का?

बोटभर लांबीच्या रोबोट-गाडीत, म्हणजे वळवून-उलगडून रोबोट होणाऱ्या खेळण्यातल्या गाडीत, सांधे फार थोडे असल्याने ती घेण्यात अर्थ नाही, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. १९८४ साली हॅस्ब्रो या अमेरिकी खेळणी-कंपनीने ‘ट्रान्सफॉर्मर्स’ मालिकेत आणलेला बम्बलबी हा पिवळा गाडी-रोबोट मुळात टाकारा या जपानी कंपनीच्या खेळण्यावरून घेतलेला होता, आणि त्या गुबगुबीत फोक्सवॅगन बीटलचा रोबोट करण्यास हात बाहेर ओढणे, पाय लांबवणे व डोके वर काढणे एवढेच जवळजवळ पुरत असे. तरीही मुलांनी त्याला डोक्यावर घेतले.

भाच्यासाठी मी आणलेल्या निनावी गाडीत मात्र तब्बल बारा सांधे आहेत आणि घोटाळा नेमका तिथेच आहे. खांद्याचा गोळीसारखा सांधा पंधरवड्यात सैल पडला, शिवाय टपाचे दोन तुकडे जुळताना केसभर फट राहत असल्याने सांगाडा किंचित पिळतो आणि मागचे डावे चाक अधांतरीच राहते. (भाचा म्हणतो, गाडी लंगडते.) त्यामुळे सांधे मोजण्यापेक्षा बिजागरीत धातूची पिन आहे की नुसता प्लॅस्टिकचा खुंट, हे मी आधी पाहीन. खेळण्याच्या खोक्यावरचे आयएसआय हे मानक-चिन्ह तर भारतात २०२१ पासून बंधनकारकच आहे.