मदत हवी आहे : गाठ हाताला लागते, मॅमोग्राफीत काहीच दिसत नाही; अहवाल कसा लिहावा?

नमस्कार. मी तालुक्याच्या गावी रेडिऑलॉजिस्ट आहे. आमच्या केंद्रात नुकतेच डिजिटल मॅमोग्राफीचे (स्तनाच्या क्ष-किरण तपासणीचे) यंत्र आले असून या फिल्म वाचणारी मी एकटीच आहे. युरोपातील स्क्रीनिंगमध्ये तक्रार नसलेल्या स्त्रिया ठरावीक काळाने येतात आणि दोन डॉक्टर त्यांच्या फिल्म स्वतंत्रपणे वाचतात. येथे तसे काही नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणींना गाठ लागलेलीच असते, वय चाळिशीच्या आगेमागे असते, जुन्या फिल्म नसतात आणि चिठ्ठीवर केवळ 'मॅमो' एवढेच लिहिलेले असते.

माझी अडचण दुहेरी आहे. स्तनाची घनता 'सी' किंवा 'डी' (म्हणजे 'ए' ते 'डी' या श्रेणीतील दाट) असली की ग्रंथींचा भाग पांढरा दिसतो, गाठही पांढरीच, त्यामुळे बोटांना स्पष्ट जाणवणारी गाठ फिल्मवर वेगळी काढता येत नाही. अशा वेळी 'संशयास्पद काही आढळले नाही' असे लिहिले, तर नातेवाईक निश्चिंत होऊन घरी जातात आणि कित्येकदा पाठवणारे डॉक्टरही तेथेच थांबतात. दुसरी अडचण सोनोग्राफीतील गोल, गुळगुळीत कडांच्या गाठींची. त्यांना फायब्रोॲडेनोमा (कर्करोग नसलेली गाठ) समजून बाय-रॅड्स ३ (स्तनाच्या अहवालाच्या ठरलेल्या वर्गवारीतील 'बहुधा निरुपद्रवी') द्यावे आणि सहा महिन्यांनी बोलवावे, तर परत येणाऱ्या थोड्याच. सरसकट बायोप्सी सुचवणेही मनाला पटत नाही. अनुभवी मंडळींनी आपली पद्धत सांगावी, ही विनंती.

क्षकिरण :
मॅडम, पहिल्या अडचणीचे उत्तर अहवालाच्या शब्दांत कमी आणि तपासणीच्या क्रमात जास्त आहे. गाठ लागते म्हणून आलेल्या स्त्रीची मॅमोग्राफी ही स्क्रीनिंग नव्हेच. टेक्निशियनला सांगून गाठीवर त्वचेवर मार्कर लावून घ्यावा, सीसी (वरून खाली) आणि एमएलओ (तिरकी) या नेहमीच्या दोन फिल्मबरोबर त्या जागेचा स्पॉट कॉम्प्रेशन व्ह्यू (तेवढाच भाग दाबून काढलेली फिल्म) घ्यावा आणि त्याच भेटीत, शक्यतो स्वतःच्या हाताने, सोनोग्राफी करावी. तिशीच्या आतील स्त्रीत तर सुरुवातच सोनोग्राफीने होते. दोन्ही तपासण्या पूर्ण होईपर्यंत अंतिम वर्गवारी देऊ नये.

सोनोग्राफी करताना गाठ बोटाखाली धरून प्रोब नेमका तिच्यावर ठेवावा. ही गोष्ट फार साधी वाटते, पण चुका येथेच होतात: फिल्मवर दिसते एक, सोनोग्राफीत सापडते शेजारचे निरुपद्रवी सिस्ट (पाण्याची गाठ), आणि दोन्ही एकच आहेत असे गृहीत धरून अहवाल निघतो. मॅमोग्राफीत स्तन दाबलेला असतो, सोनोग्राफीत स्त्री उताणी झोपलेली असते, त्यामुळे जागा सरकते. म्हणून केवळ घड्याळाच्या काट्याची दिशा (स्तन घड्याळाची तबकडी मानून सांगितलेली जागा) जुळवून भागत नाही. आकारमान, खोली आणि भोवती चरबी आहे की ग्रंथी, हे सर्व जुळले पाहिजे. शंका राहिल्यास सोनोग्राफीत सापडलेल्या जागेवर मार्कर लावून पुन्हा फिल्म काढावी.

फिल्म मुळात नीट आली आहे का, हेही आधी पाहावे. एमएलओमध्ये छातीचा स्नायू निप्पलच्या पातळीपर्यंत उतरलेला हवा, आणि निप्पलपासून मागे मोजलेले अंतर सीसी व एमएलओ यांत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त वेगळे नसावे. तसे असल्यास मागचा भाग फिल्मवर आलेलाच नाही, आणि जे आलेच नाही ते कितीही काळजीपूर्वक वाचून दिसणार नाही. एक संशयास्पद जागा सापडली की नजर तेथेच खिळते. तेव्हा उरलेला स्तन, दुसरी बाजू आणि काखेतील गाठी पाहिल्याशिवाय अहवाल सांगू नये.

गोदाकाठ :
गुळगुळीत कडांबद्दल लिहिते. ट्रिपल निगेटिव्ह कर्करोग (ज्यांत दोन्ही संप्रेरकांचे आणि एचईआर२चे ग्राहक नसतात), विशेषतः बीआरसीए१ या जनुकात दोष असलेल्या स्त्रियांतील, गोल आणि बऱ्यापैकी रेखीव कडांचे असू शकतात. सोनोग्राफीत त्यांच्यामागे सिस्टसारखी उजळ पट्टीही दिसते. गेन (यंत्रावरील चित्राचा उजळपणा) कमी ठेवला तर घन गाठसुद्धा पाण्याची वाटते. म्हणून प्रोब नव्वद अंशांत फिरवून संपूर्ण कड पाहावी आणि डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोय) लावावा. लांबीपेक्षा उंची जास्त, कडेला एक जरी बारीक खाच किंवा कोन, वेगाने वाढ, किंवा घरात तरुण वयातील कर्करोगाचा इतिहास, यांपैकी काही असेल तर ती गाठ ३ मध्ये बसत नाही.

बाय-रॅड्स ३ म्हणजे कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांपेक्षा जास्त नाही, असा पूर्ण तपासणीनंतरचा निष्कर्ष. ठरवता येत नाही म्हणून मध्येच ठेवण्याची ती जागा नव्हे. त्यापुढे ४ए, म्हणजे दोन ते दहा टक्के, लागले की बायोप्सी आली. रुग्ण सहा महिन्यांनी येणार नाही हे स्पष्ट दिसत असेल, तर ३ असूनही बायोप्सीचा पर्याय तिच्यापुढे ठेवणे मला योग्य वाटते.

जाता जाता एक सांगते. टाटा मेमोरियलने मुंबईत १९९८ मध्ये सुरू केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासणी केली, आणि पन्नाशीच्या वरील स्त्रियांत स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले. हाताला लागलेली गाठ हा स्वतंत्र पुरावा आहे. फिल्म तो खोडून काढू शकत नाही.

धागाकर्ती :
दोघांचेही आभार. बायोप्सी निरुपद्रवी आली, पण फिल्मवर तारकाकृती कडा असलेली गाठ होती, असे झाल्यास काय करावे? आणि अहवालातील नेमके वाक्य कसे असावे?

क्षकिरण :
बाय-रॅड्स ५ (कर्करोगाचा दाट संशय) दिलेल्या गाठीचा पॅथॉलॉजी अहवाल 'फायब्रोसिस्टिक बदल' (कर्करोग नसलेले साधे बदल) असा आला, तर तो मेळ बसत नाही असे लेखी कळवून पुन्हा बायोप्सी मागावी, शक्यतो व्हॅक्यूम पद्धतीची (शोषून मोठे तुकडे घेणारी), किंवा गाठ काढून तपासावी. याउलट 'ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस' (स्तनाचा एक दाह, कर्करोग नव्हे) हे कर्करोगासारख्या दिसणाऱ्या चित्राचे पटण्याजोगे उत्तर आहे, मात्र आपल्याकडे क्षयाची तपासणी जोडूनच. अशा जुळणीसाठी बायोप्सी झालेल्या प्रत्येक रुग्णाची वही ठेवावी आणि पॅथॉलॉजिस्टशी फोनवर बोलावे. तुम्हाला दुसरा वाचक नाही, तेव्हा ही वही आणि हा फोन यांचाच आधार आहे.

वाक्य मी असे लिहितो: 'उजव्या स्तनात दहाच्या दिशेला, निप्पलपासून चार सेंटिमीटरवर जाणवणाऱ्या गाठीच्या जागी मॅमोग्राफी व सोनोग्राफीत विकृती आढळली नाही. स्तनाची घनता 'डी' असल्याने मॅमोग्राफीची संवेदनशीलता कमी आहे. हाताच्या तपासणीत गाठ संशयास्पद वाटत असल्यास या अहवालावर न थांबता बायोप्सी करावी.' त्यातले शेवटचे वाक्य ठळक टाइपात छापून घ्यावे आणि संशय दाट असेल तेव्हा पाठवणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करावा.