ड्युअल बूट: सामाईक एनटीएफएस ड्राइव्ह ठेवावा की नाही?

रिकामटेकडा_रूट: एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) असेल, म्हणजेच ड्युअल बूट, तर फोटो, गाणी, कागदपत्रं डिस्कच्या एका वेगळ्या भागावर, म्हणजे एनटीएफएस (विंडोजची फाइली साठवायची पद्धत) पार्टिशनवर ठेवावीत आणि दोन्हीकडून वापरावीत, असं माझं मत. लिनक्समधून एनटीएफएसवर लिहायला घाबरायचे दिवस गेले. २००७ मध्ये त्यासाठीचा एनटीएफएस-३जी हा ड्रायव्हर स्थिर झाला, २०२१ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नल ५.१५ मध्ये, नवा ड्रायव्हर आला. प्रत्येक फाइलच्या दोन प्रती कोण सांभाळणार?

सदाशिव_शेल: ड्रायव्हरबद्दल तक्रार नाहीच. घोळ फास्ट स्टार्टअपचा आहे, विंडोज ८ पासूनचा. शट डाउन केलं तरी विंडोजचा कर्नल हायबरनेट होतो, म्हणजे आपली स्थिती डिस्कवर साठवून झोपतो, आणि ड्राइव्हचा हिशोब अर्धवट उघडा राहतो. मधल्या काळात लिनक्सने तिथे काही लिहिलं, तर विंडोज उठून जुन्याच हिशोबावर पुढे लिहितो आणि फाइली जातात. म्हणून लिनक्स असा ड्राइव्ह बहुतेक वेळा फक्त वाचायला देतो. गंमत म्हणजे रिस्टार्ट केलं की विंडोज पूर्ण बंद होतो, आणि तेव्हा लिनक्समधून लिहिता येतं. मग ‘काल तर चालत होतं!’ अशी बोंब सुरू.

रिकामटेकडा_रूट: मग ते बंद करा की. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधली एक खूण काढायची. एसएसडीवर बूटला जेमतेम काही सेकंद जास्त.

सदाशिव_शेल: घरात एकच जण वापरत असेल तर ठीक. कुणी हायबरनेट करून झाकण लावलं की पुन्हा तेच.

पेनड्राइव्हवाली: एवढी डोकेफोड कशाला, एक्सफॅट ही दोन्हीकडे चालणारी साठवणपद्धत वापरा. २०२० पासून कर्नल ५.७ मध्ये सॅमसंगचा चांगला ड्रायव्हर आहे.

रिकामटेकडा_रूट: एक्सफॅटला जर्नलिंग (बदलांची आधी नोंद करून ठेवणं) नाही. फाइल लिहिताना लाइट गेली तर सावरायला काही नसतं. पेनड्राइव्हला शोभतं, कायमच्या डेटाला नाही.

गिट_गावकरी: फोटो-गाण्यांपुरतं धागाकर्त्याचं पटतं. कोड मात्र तिथे ठेवू नका. लिनक्समध्ये त्या ड्राइव्हवरच्या सगळ्या फाइली सहसा एक्झिक्युटेबल (प्रोग्रामसारख्या चालवता येणाऱ्या) दिसतात, आणि त्यामुळे ओळही न बदलता गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) शेकडो फाइली बदलल्याचं सांगतं. नावांचंही तसंच: ‘मीटिंग १०:३०’ असं नाव लिनक्स बिनदिक्कत देतं, विंडोजला नावातला तो अपूर्णविराम चालत नाही. लिनक्समध्ये ड्राइव्ह माउंट करताना (जोडताना) विंडोज_नेम्स हा पर्याय लावला तर अशी नावं तिथेच अडवली जातात. तो लावल्याशिवाय सामाईक ड्राइव्ह काढूच नये.

नवशिक्या_नाना: उलटं केलं तर? डेटा ईएक्सटी४ (लिनक्सची साठवणपद्धत) वर आणि विंडोजमधून डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) ने माउंट?

सदाशिव_शेल: नाना, डब्ल्यूएसएलला अख्खी डिस्क जोडावी लागते, नुसतं पार्टिशन नाही. आणि ज्या डिस्कवर विंडोज स्वतः चालतोय, ती जोडता येत नाही. एका डिस्कच्या लॅपटॉपवर हा मार्ग बंद.

रिकामटेकडा_रूट: म्हणजे फिरून एनटीएफएसच ना!

सदाशिव_शेल: एनटीएफएस ठेवा, पण लिनक्समध्ये ‘फक्त वाचा’ असंच माउंट करा. लिहायचं असेल तेव्हा विंडोजमध्ये जा.